‘मार्ग’ : इमारतींना जाब विचारणारे त्रैमासिक

गेल्या मार्चमध्ये सातवीच्या वर्गाला घेऊन फऱ्याबागेत गेलो होतो. शहराच्या आग्नेयेला, सोलापूरच्या वाटेवर असलेला हा निजामशाही महाल. कागदोपत्री त्याचे नाव फराह बाग किंवा फराह बक्ष, पण नगरकरांच्या तोंडी फऱ्याबाग. बाहेर ऊन रणरणत होते. मुले आत शिरली आणि मधल्या उंच दालनात एकदम गप्प झाली. मग मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा म्हणाला, "सर, यहां पंखा नहीं, लाइट नहीं, फिर भी इतना ठंडा कैसा?"

मी इतिहासाचा शिक्षक. उत्तर द्यायला तोंड उघडले आणि पाठ असलेले तेवढेच सांगितले. मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३ च्या सुमारास ही इमारत पूर्ण झाली. सलाबतखानाने ती बांधून घेतली. मुलाने मान डोलावली, पण त्याचे समाधान झाले नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्याचा प्रश्न बादशहाविषयी नव्हता, इमारतीविषयी होता. आणि इमारतीविषयी बोलायला माझ्याकडे शब्द नव्हते.

त्या दिवशी मला माझ्या कपाटातील एका जुन्या अंकाची आठवण झाली. बी.एड. करीत असताना पुण्यात जुन्या पुस्तकांच्या गाडीवर ‘मार्ग’ नावाच्या इंग्रजी त्रैमासिकाचा एक फाटका अंक घेतला होता. घेतला तो चित्रे आणि नकाशे पाहून. वाचला मात्र फार नंतर, शब्दकोश शेजारी ठेवून. इमारतीशी आणि शहराशी वाद घालता येतो, तो कागदावर छापता येतो आणि त्यातून काही घडतेही, हे मला त्या त्रैमासिकाने शिकविले. म्हणून त्याची हकीकत आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

‘मार्ग’ची सुरुवात ऑक्टोबर १९४६ मध्ये मुंबईत झाली. नगरच्या माणसाला हे साल सहज लक्षात राहावे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. याच किल्ल्यात पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि मौलाना आझादांनी ‘गुबारे खातिर’ची पत्रे लिहिली. ही दोन्ही पुस्तके प्रसिद्ध झाली ती १९४६ मध्येच. योगायोग म्हणा, पण त्या एका वर्षात आपला मुलुख स्वतःकडे नव्या नजरेने पाहू लागला होता. स्वातंत्र्य दाराशी आले होते. उद्याचा देश कसा असेल, हा प्रश्न जसा राजकारणाचा होता, तसाच घरांचा आणि शहरांचाही होता.

तो प्रश्न ‘मार्ग’ने हाती घेतला. संस्थापक-संपादक होते मुल्कराज आनंद. पेशावरला जन्मलेले, ‘अनटचेबल’ ही कादंबरी १९३५ मध्ये लिहून जगभर पोहोचलेले लेखक. उर्दू वाचकाला ते आणखी एका नात्याने जवळचे आहेत. १९३५ मध्ये लंडनमध्ये सज्जाद जहीर आणि त्यांच्या मित्रांनी तरक्कीपसंद लेखकांच्या संघाची पायाभरणी केली, त्यात आनंद होते. मासिकाच्या सहसंपादक अनिल डी सिल्वा या श्रीलंकेच्या. मुंबईत १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेच्या त्या सरचिटणीस होत्या. त्यांची बहीण मिनेट डी सिल्वा ही वास्तुविशारद. नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेले आणि म्हैसूर संस्थानाचे मुख्य वास्तुविशारद झालेले ओटो केनिग्सबर्गर हेही या मंडळीत होते. पुढे १९४८ मध्ये भुवनेश्वर शहराचा आराखडा त्यांनीच केला.

म्हणजे पाहा, एक पंजाबी कादंबरीकार, सिलोनच्या दोन बहिणी, एक निर्वासित जर्मन ज्यू, आणि शहर मुंबई. ‘मार्ग’ हे नाव ‘मॉडर्न आर्किटेक्चरल रिसर्च ग्रुप’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे, आणि आपल्या भाषेत त्याचा अर्थ रस्ता. पैशाचे पाठबळ जे. आर. डी. टाटांनी दिले. सात जाहिराती आणि दोन खोल्या एवढ्या भांडवलावर काम सुरू झाले, असे सांगितले जाते. सरकारी खात्याचे हे पत्रक नव्हते आणि बांधकाम व्यावसायिकांचे मुखपत्रही नव्हते. त्यामुळे कोणती इमारत चांगली, कोणती दिखाऊ, झोपडीत राहणाऱ्यासाठी घर कसे असावे, हे उघडपणे लिहिता येत होते. पहिल्याच अंकातील आनंदांच्या लेखाचे शीर्षक ‘प्लॅनिंग अँड ड्रीमिंग’ असे होते, म्हणजे आखणी आणि स्वप्न. हे दोन शब्द लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

डिसेंबर १९६१ चा अंक चंदीगडवर निघाला. परंतु ‘मार्ग’च्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना म्हणजे जून १९६५ चा अंक. मुंबई महापालिकेने १९६४ मध्ये शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध केला होता. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे दोन वास्तुविशारद आणि शिरीष पटेल हे अभियंता, अशा तिघांनी त्याला हरकत घेतली. त्या वेळी तिघेही तरुणच होते. त्यांचे म्हणणे असे : मुंबई ही दक्षिणोत्तर पसरलेली चिंचोळी पट्टी आहे. कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला. लोक राहतात उत्तरेला. म्हणून रोज सकाळी सारे शहर एका दिशेने धावते आणि संध्याकाळी उलट दिशेने. आणखी उपनगरे वाढवून हा रोग बरा होणार नाही. खाडीपलीकडे पूर्वेला, मुख्य भूमीवर, नोकऱ्यांसह दुसरे शहर उभे करा. तेथील जमीन सरकारने आधी घ्यावी, तिची किंमत वाढेल, आणि त्या वाढीव किमतीतून रस्ते, पाणी, घरे यांचा खर्च निघेल.

महापालिकेला दिलेले निवेदन फायलीत पडून राहिले असते, तर आज त्याचा कोणाला पत्ता नसता. मुल्कराज आनंदांनी अख्खा अंक या प्रस्तावाला दिला. शीर्षक तेच जुने, ‘आखणी आणि स्वप्न’, फक्त पुढे मुंबईचे नाव जोडले. नकाशे, आकडे, युक्तिवाद सगळे लोकांसमोर आले. चर्चा सुरू झाली. पाच वर्षांनी, मार्च १९७० मध्ये, महाराष्ट्र सरकारने ‘सिडको’ ही संस्था स्थापन केली आणि नवी मुंबईचे काम तिच्याकडे सोपविले. कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले, शिरीष पटेलांकडे नियोजनाची मोठी जबाबदारी आली. आज वाशीला, नेरूळला, बेलापूरला आपले कितीतरी नातेवाईक राहतात. त्यांच्या घराचा पहिला नकाशा एका त्रैमासिकाच्या पानांवर छापला गेला होता, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

येथवर सांगून थांबलो असतो तर ही एक यशाची गोष्ट झाली असती. परंतु इतिहास शिकविणाऱ्याने अर्धी गोष्ट सांगू नये.

नवी मुंबईसाठी ठाणे आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांची जमीन घेण्याचे ठरले. भातशेती करणारे, मिठागरात राबणारे, खाडीत मासेमारी करणारे आगरी-कोळी लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्या जमिनीच्या वाढत्या किमतीवर नव्या शहराचा सारा हिशेब मांडलेला होता. त्या वाढीत त्यांचा वाटा किती, हा प्रश्न मात्र मागे राहिला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणजवळ जासई परिसरात शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. दुसरीकडे, ज्या गर्दीसाठी हे सारे केले ती दक्षिण मुंबईतील सरकारी कचेऱ्यांची गर्दीही पूर्णपणे खाडी ओलांडून गेली नाही. मंत्रालय आजही जागच्या जागीच आहे.

मी या तिघांना दोष देत नाही. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि तो उघड्यावर मांडला, हे मोठेच काम आहे. मला वेगळीच गोष्ट खुपते. जासईच्या शेतकऱ्याच्या गावाचे भवितव्य ज्या पानांवर मांडले गेले, ती पाने त्याच्या भाषेत नव्हती. १९६५ साली तो अंक मराठीत निघाला असता, तर कदाचित त्याने त्याच वेळी विचारले असते, "आणि आमचे काय?" हा प्रश्न विचारायला त्याला एकोणीस वर्षे लागली आणि त्याची किंमत रक्ताने मोजावी लागली. ज्या भाषेत शहराविषयी वाद होत नाही, त्या भाषेच्या माणसांना शहरात केवळ राहू दिले जाते. त्यांना कोणी विचारीत नाही.

आता पुन्हा नगरला येऊ.

नगर हे मलिक अहमद निजामशहाने वसविलेले शहर. बालपणी येथे आलेला आणि तरुणपणी निजामशाहीची चाकरी केलेला इतिहासकार फरिश्ता याच्या ग्रंथात या दरबाराची वर्णने आहेत. सय्यद अली तबातबाने ‘बुऱ्हाने मआसिर’ हा निजामशाहीचा इतिहास लिहिला. कापूरवाडी, भिंगार, शहापूर अशा ठिकाणांहून खापरी नळांनी जमिनीखालून शहरात पाणी आणलेले होते. बारा इमामांचा कोटला १५३६ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर यांच्यासाठी बांधला. ते त्या काळचे विद्यापीठच होते. नगरच्या मोहरमची सवारी तेथूनच निघते आणि तिच्यासमोर नवस बोलणाऱ्यांत हिंदू बायाबापड्याही असतात. एवढे सगळे आपल्या दाराशी असताना आपण त्याच्याविषयी बोलतो काय? बांधणाऱ्याचे नाव, साल आणि एखादी दंतकथा.

फऱ्याबागेचीच कथा घ्या. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये दिले आहे की, आधी बांधलेली इमारत बादशहाला पसंत पडली नाही, म्हणून ती पाडून पुन्हा बांधण्यात आली. एका अर्थाने ही नगरमधील वास्तूवरची पहिली टीकाच! पण ती एका माणसाची टीका. त्याने भुवई उंचावली आणि भिंती कोसळल्या. का पसंत पडली नाही, हे सांगण्याची त्याला गरज नव्हती. ‘मार्ग’सारख्या त्रैमासिकाने नेमका यात फरक केला. नापसंती हा बादशहाचा हक्क राहिला नाही, तो नागरिकाचा झाला. आणि नागरिकाला कारण द्यावे लागते. कारण द्यायचे तर इमारत नीट पाहावी लागते.

मग मी ती नीट पाहिली. एकटाच पुन्हा गेलो, दोनदा. ओबडधोबड दगड, चुना आणि वर जाड गिलावा. अष्टकोनी बांधणी. मधले दालन दोन मजल्यांच्या उंचीचे, वर घुमट. भोवती सर्व बाजूंनी एकेकाळी तळे होते, आज ते कोरडे आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर समोरच होते. भिंती इतक्या जाड की दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. तापलेली हवा वर जाते आणि डोक्यावर भरपूर उंची असल्याने ती माणसाला जाणवत नाही. चारी बाजूंच्या मोठ्या कमानी समोरासमोर आहेत, म्हणून वारा आरपार जातो, आणि पूर्वी तो पाण्यावरून येत असे. नगरसारख्या कोरड्या, अवर्षणाच्या मुलुखात पाण्याची श्रीमंती मिरवणारी ही इमारत आहे. येथे टीकाही करता येते. दुष्काळी प्रदेशात एका महालासाठी एवढे पाणी का, असेही विचारता येते. पण विचारायचे तर आधी पाहिले पाहिजे.

दमडी मशीद याच्या अगदी उलट. आकाराने छोटीशी. निजामशाही सरदार साहिरखानाने ती १५६७ मध्ये बांधली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी दिली आणि त्यातून ती उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, दगडावरचे कोरीव काम खरे आहे. फऱ्याबागेत भव्यता आहे पण बारकावा चुन्याखाली गेला आहे. दमडी मशिदीत जागा थोडी, पण दगडाच्या प्रत्येक तुकड्यावर हात फिरलेला आहे. या दोन इमारतींमध्ये सोळा-सतरा वर्षांचे अंतर. मुलांना दोन्ही दाखवून ‘तुम्हाला कोणती आवडली आणि का’ असे विचारले, तर तोच इतिहासाचा उत्तम तास होईल.

आणि तिसरी, शहराबाहेर शाह डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत. सारा जिल्हा तिला चांदबीबीचा महाल म्हणतो. वास्तविक तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. ज्या वजिराने फऱ्याबाग उभी केली, त्याचे नाव त्याच्या स्वतःच्या मकबऱ्यावरूनही पुसले गेले! कोणी कट केला नाही, कोणी पाटी काढली नाही. लोकांनी इमारतीकडे पाहणे सोडले आणि गोष्टीकडे पाहू लागले, एवढेच झाले. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध किल्ला लढविला, तिचा पराक्रम मोठा आहे. त्याला दुसऱ्याच्या कबरीची गरज नाही.

२०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्यावर आपल्या घराघरांत पुष्कळ बोलणे झाले. मला एवढेच वाटते की, नाव कागदावर असते, इमारत जमिनीवर. जमिनीवर जे आहे ते आपण किती ओळखतो, हा प्रश्न नाव बदलण्याच्या आधीही होता आणि नंतरही आहे.

कारण दुर्लक्ष नेहमी दुसरेच करतात असे नाही. येथे एक कबुली द्यावी लागेल. जिल्ह्यातील एका गावच्या जुन्या मशिदीच्या बैठकीला काही वर्षांपूर्वी मी हजर होतो. जमात वाढली होती, जुम्म्याला लोक रस्त्यावर उभे राहत होते, तेव्हा जागा वाढविण्याची गरज खरीच होती. पण जुने चुन्याचे बांधकाम, तीन कमानी आणि दगडी हौज काढून टाकून तेथे स्लॅबची दुमजली इमारत करायची ठरले. बाजूला मोकळी जागा होती. ‘जुने ठेवून बाजूला वाढवू या’ असे म्हणता आले असते. मी शिकलेला, इतिहासाचा शिक्षक, आणि मी एक शब्दही बोललो नाही. वडीलधाऱ्यांचा मान हे एक कारण. दुसरे आणि खरे कारण असे की, ती जुनी इमारत चांगली का आहे, हे मला सांगता येत नव्हते. ‘जुनी आहे म्हणून ठेवा’ हा काही युक्तिवाद नव्हे. आज तेथे चकचकीत फरशी आहे, आठ पंखे आहेत, आणि जोहरच्या नमाजला उन्हाळ्यात घामाने कपडे भिजतात. ठंडा कैसा, हा प्रश्न तेथे आता कोणी विचारीत नाही.

‘मार्ग’ पुढे हळूहळू कलेकडे, शिल्पाकडे, चित्रांकडे आणि नृत्याकडे वळले. मुल्कराज आनंद २००४ मध्ये पुण्यात वारले. त्रैमासिकाचा दबदबा कायम राहिला, पण शहराला जाब विचारणारा तो सुरुवातीचा आवाज मंदावला. दख्खनच्या मुस्लिम वास्तूंवर जॉर्ज मिशेल यांनी संपादित केलेला ग्रंथ ‘मार्ग’ने १९८६ मध्ये काढला. निजामशाहीच्या वास्तुकलेवर पुण्याचे अभ्यासक पुष्कर सोहोनी यांचे स्वतंत्र पुस्तक २०१८ मध्ये आले. दोन्ही इंग्रजीत. गुळगुळीत कागद, मोठी किंमत. माझ्या शाळेच्या ग्रंथालयात यातले काही नाही आणि असते तरी मुलांना वाचता आले नसते. उर्दू माध्यमाची मुले घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू वाचतात, बाजारात आणि कचेरीत मराठी वापरतात. तीन भाषा त्यांच्या जिभेवर आहेत. त्यांच्या शहराच्या इमारतींविषयीची समज मात्र चौथ्याच भाषेत कुलूपबंद आहे. जासईच्या शेतकऱ्याची आणि आमची गोष्ट येथे एक होते.

आपल्याला टाटांच्या सात जाहिराती मिळणार नाहीत. पण दोन खोल्यांत जे सुरू झाले, ते एका भिंतीवर सुरू करायला हरकत नव्हती. जुलैपासून आमच्या वर्गाबाहेर महिन्यातून एकदा भित्तिपत्रक लागते, अर्धे उर्दूत, अर्धे मराठीत. नियम दोनच. ज्या इमारतीवर लिहायचे तेथे स्वतः जाऊन यायचे, आणि ‘सुंदर’ हा शब्द वापरला तर पुढे कारण लिहायचे. आतापर्यंत कोटला झाला, दमडी मशीद झाली, एस.टी. स्टँड झाले. एका मुलीने आमच्या शाळेच्याच इमारतीवर लिहिले की, वर्गाची खिडकी आणि दार एकाच भिंतीत आहेत म्हणून हवा खेळत नाही. मुख्याध्यापकांनी ते वाचले. काही बोलले नाहीत, पण कागद काढायलाही सांगितला नाही.

मार्चमध्ये प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने पहिल्याच भित्तिपत्रकात फऱ्याबागेवर लिहिले होते. शेवटी त्याने एक वाक्य मराठीत लिहिले, थोडे अशुद्ध, ते मी तसेच राहू दिले : "तळ्यात पाणी सोडला तर हा महाल अजून थंड होईल, पण आधी आमच्या मोहल्ल्यात नळाला पाणी आला पाहिजे."